फुकट पिचमधलं डिझाइन दुकानात दिसलं: पुराव्यापासून पैसे मिळेपर्यंतचे आठ महिने

८ जानेवारी २०२४ ला अगरबत्ती बनवणाऱ्या एका कंपनीचा ईमेल आला. सुगंधांची नवी मालिका येणार होती. तिच्या नावाचं देवनागरी अक्षरांकन, तीन पाकिटांची डिझाइनं आणि बारा पाकिटं मावतील अशा बाहेरच्या खोक्याची कल्पना, एवढं २२ जानेवारीला सादर करायचं होतं. पाच डिझायनर बोलावले होते. पिचचे, म्हणजे काम मिळण्याआधी डिझाइन करून दाखवण्याचे, पैसे नाहीत, ज्याची निवड होईल त्याला काम. ईमेलच्या तळाशी एक ओळ होती: 'सादर केलेलं सर्व साहित्य कंपनीच्या मालकीचं राहील.' त्या ओळीवर मी काहीच लिहिलं नाही. 'येते' एवढंच उत्तर पाठवलं.

डिझाइनच्या धंद्यात याला स्पेक म्हणतात. काम आधी पूर्ण करून दाखवायचं, पैसे मिळाले तर नंतर. ओळखीच्या संस्थेसाठी समजून-उमजून फुकट केलेलं काम वेगळं आणि हे वेगळं. जाहीर स्पर्धाही वेगळी, कारण तिचे नियम आणि बक्षीस आधीच छापलेलं असतं. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने स्पर्धा घेतली तेव्हा प्रवेशिकेसोबत ५०० रुपये भरायचे होते आणि विजेत्याला अडीच लाख मिळणार होते. तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने उदय कुमार यांचं चिन्ह स्वीकारलं. ती पद्धत पटो वा न पटो, भाग घेणाऱ्याला पहिल्या दिवशीच सगळं माहीत होतं. खासगी पिचमध्ये मात्र किती जण आहेत, निवड कोण करणार, न निवडलेल्या कामाचं पुढे काय होणार, यातलं बहुतेक काही कळत नाही.

माझे ७४ तास गेले: रेखाटनं २२, अक्षरांकन १९, पाकिटं २१, डमी (पाकिटांचे छापील नमुने) आणि सादरीकरण १२. डमीच्या छपाईचं बिल ७,४०० रुपये झालं. पाचही जणांनी साधारण एवढंच काम केलं असं धरलं, तर कंपनीसमोर ३७० तासांचं काम आलं आणि त्या दिवशी तिने त्यातल्या एकाही तासाचे पैसे दिलेले नव्हते.

२२ तारखेला माझ्याकडून दोन चुका झाल्या. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्यांत आहे. 'डमी इथेच राहू द्या, साहेबांना दाखवतो' असं सांगितल्यावर तिन्ही डमी तिथेच ठेवून आले. आणि सादरीकरणाची पीडीएफ इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून थेट सेव्ह करून ईमेलने पाठवली. सेव्ह करताना 'प्रिझर्व्ह इलस्ट्रेटर एडिटिंग कपॅबिलिटीज' ही खूण तशीच राहून गेली. ती असली की पीडीएफच्या आत मूळ फाइल जशीच्या तशी जाते. समोरचा ती इलस्ट्रेटरमध्ये उघडतो आणि प्रत्येक वळण, प्रत्येक अँकर पॉइंट त्याच्या हाती येतो. ही खूण काढली तरी वळणं व्हेक्टरच (म्हणजे कितीही मोठी केली तरी स्वच्छ) राहतात, त्यामुळे तेवढ्यानेही भागत नाही. पाठवायचं पान आधी जेपीजी करायचं, १५० डीपीआय पुरतं, आणि मग त्याची पीडीएफ करायची. पडद्यावर पाहायला ती पुरेशी स्वच्छ दिसते, छपाईला कामाची नसते.

९ फेब्रुवारीला दोन ओळींचा ईमेल आला की मालिका सध्या पुढे ढकलली आहे. डमी परत मागायचं तेव्हा सुचलं नाही.

३ जुलैला ती पाकिटं दुकानात दिसली. रंग बदलले होते आणि खालची पट्टी नवी होती. अक्षरांकन आणि धुराच्या रेषेतून उमलणारी नक्षी तीच होती. छातीत धडधड सुरू झाली. लगेच फोटो काढून सगळीकडे टाकावा असं वाटलं. तो टाकला नाही, आणि कोणीही टाकू नये असं मी कळकळीने सांगेन. आरोप जाहीर केला की समोरची बाजू बदनामीचा मुद्दा काढते, मूळ विषय बाजूला पडतो आणि ते सावध होऊन माल बदलतात.

त्याऐवजी पाकिटं विकत घेतली. तीन वेगळ्या दुकानांतून चार पाकिटं, प्रत्येक दुकानाचं छापील बिल घेऊन, एकूण ४२० रुपये. एकही फोडलं नाही. सहा बाजूंचे फोटो काढले आणि प्रत्येक पाकीट बिलासकट वेगळ्या पिशवीत ठेवलं. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं आहे का ते पाहिलं. इथे मे २०२४ छापलेलं होतं. पाकीट आपल्या सादरीकरणानंतर बनलं, हे त्यांच्याच छापील अक्षरांतून सिद्ध होतं. बॅच नंबरही टिपून ठेवावा. नंतर डिझाइन बदललं तर जुना माल कोणता हे त्यावरून दाखवता येतं.

पुढचे दहा दिवस आपल्या बाजूचा पुरावा लावण्यात गेले. इथे घाई केली की नुकसान होतं. जुन्या फाइली नुसत्या उघडून 'सेव्ह' केल्या तरी बदलाची तारीख आजची होते. म्हणून पूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, ती फक्त वाचता येईल अशी केली आणि मूळ फोल्डरला हात लावला नाही. मग प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढला. हा ६४ अक्षरांचा ठसा असतो. फाइलमध्ये एक बिंदू हलला तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही, कमांड प्रॉम्प्टमधली 'सर्टयूटिल' ही आज्ञा पुरते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

पण ज्यांचा सल्ला घेतला त्या वकीलबाईंनी सगळी चवड पाहून सर्वांत वर काढून ठेवलं ते छापखान्याचं बिल. १९ जानेवारीचं, जीएसटी क्रमांक असलेलं, त्यावर लिहिलेलं: 'अगरबत्ती पाकीट डमी, ३ नग'. आपल्या संगणकातली तारीख आपणच बदलली असेल अशी शंका घेता येते. तिसऱ्या माणसाच्या हिशेबवहीत गेलेली तारीख आपल्याला बदलता येत नाही. त्याखालोखाल महत्त्व पाठवलेल्या ईमेलला, तोही पूर्ण हेडरसकट (ईमेल कुठून, कधी गेला याच्या नोंदी), आणि मग तारखा घातलेल्या कागदी रेखाटनांना. तेव्हापासून मी डमीच्या बिलावर कामाचं नाव लिहून घेते.

सर्वांत अवघड होता तुलनेचा तक्ता. रागाच्या भरात पहिल्या खर्ड्यात मी १४ साम्यं लिहिली होती. वकीलबाईंनी त्यांचे तीन गट करायला सांगितले. पहिला गट कल्पनांचा: धुराची रेषा वापरणं, प्रत्येक सुगंधाला एक फूल देणं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. तो असतो ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हे स्पष्ट केलेलं आहे. दुसरा गट धंद्यात सगळेच वापरतात त्या गोष्टींचा: सोनेरी शाई, वरची गडद पट्टी, मागच्या बाजूची चौकट. हे दोन्ही गट काढले तेव्हा १४ पैकी पाचच मुद्दे उरले. वाईट वाटलं, पण खरं वजन त्या पाचांतच होतं. कच्चे मुद्दे ठेवले असते तर उत्तर देणाऱ्याने तेच आधी खोडले असते आणि पक्क्यांवरही संशय आला असता.

पाचांतला सर्वांत बोलका मुद्दा म्हणजे माझ्याच हातून राहिलेला दोष. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे किंचित चढत जाते आणि शेवटचा काना जिथे तिला मिळतो तिथे दोन आकार एकमेकांवर चढून बारीकसा खांदा तयार झाला होता. अंतिम आर्टवर्कमध्ये तो साफ करायचा राहिला असता तर मलाच लाज वाटली असती. बाजारातल्या पाकिटावर तो खांदा तसाच होता. दोन माणसांना एकच कल्पना सुचू शकते, एकच चूक त्याच जागी त्याच मापात होणं फार अवघड. पाकीट ६०० डीपीआयला स्कॅन केलं, माझं अक्षरांकन ५० टक्के पारदर्शक करून त्यावर ठेवलं, रुंदी जुळवली आणि पान छापलं. कुठलंही वळण ओढूनताणून जुळवायचं नाही. फक्त एका प्रमाणात लहान-मोठं करायचं आणि ते प्रमाण पानावर लिहायचं.

त्याच आठवड्यात ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात ब्रँडचं नाव टाकून पाहिलं. रजिस्ट्रीच्या मालाच्या वर्गवारीत अगरबत्ती वर्ग ३ मध्ये येते. शब्द जसाच्या तसा आणि उच्चारसाम्याने, असे दोन्ही शोध घ्यावेत. अर्ज सापडला. २७ मार्च २०२४ चा, नुसत्या शब्दाचा नाही तर पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या चित्राचा. स्थितीच्या पानावर अर्जाची कागदपत्रंही उघडता येतात. टीएम-ए या अर्जात वापर कधीपासून याच्यापुढे 'प्रपोज्ड टु बी यूज्ड' लिहिलेलं होतं, म्हणजे २७ मार्चपर्यंत त्यांनी ते चिन्ह वापरलं नव्हतं हे त्यांनीच नोंदवलेलं. माझं सादरीकरण २२ जानेवारीचं. हे पान त्याच दिवशी छापून ठेवलं.

या अर्जामुळे एक वाट मात्र अडली. कॉपीराइट नोंदणी करून मग नोटीस द्यावी असं माझ्या मनात होतं. मालासाठी वापरता येईल अशा कलाकृतीची नोंदणी फॉर्म १४ वर होते, शुल्क २,००० रुपये, आणि डायरी नंबर (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पण त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडून टीएम-सी अर्जावर शोध प्रमाणपत्र आणावं लागतं, ऑनलाइन शुल्क ९,००० रुपये. तसंच दिसणारं चिन्ह दुसऱ्या कोणाच्या नावे नोंदलेलं नाही आणि त्यासाठी कोणाचा अर्जही नाही, असं त्या प्रमाणपत्रात यायला हवं. इथे कंपनीचाच अर्ज आडवा उभा होता. एकूण ११,००० रुपये आणि काही महिने घालवून नकार हातात आला असता.

दिलासा असा की नोंदणी हा पुरावा आहे, हक्काची अट नाही. कलाकृती निर्माण झाली की कॉपीराइट आपोआप मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या २०२१ च्या निकालात हेच सांगितलं, आणि ते प्रकरणही खाद्यतेलाच्या पाकिटावरच्या लेबलचंच होतं. नोंदणी नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हा निकाल वकिलांना जरूर दाखवावा. कंपनी जिथे आहे त्या गावी जाऊन दावा लावावा लागतो ही भीतीही निराधार आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार हक्कदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा चालतो. मुदत साधारणपणे तीन वर्षांची, त्यामुळे आठवड्याभरात काही केलं नाही तर सगळं गेलं असं होत नाही.

५ ऑगस्टला नोटीस गेली. वकीलबाईंची फी १०,००० रुपये. नोटीस पाच पानांची, सोबत तुलनेचा तक्ता आणि डमीच्या बिलाची प्रत. मागण्या चार: वापर थांबवा, किती पाकिटं छापली ते कळवा, मोबदला द्या किंवा हक्क रीतसर विकत घ्या, ट्रेडमार्कचा अर्ज मागे घ्या. उत्तराला १५ दिवस. भाषा इतकी सौम्य होती की मला ती मिळमिळीत वाटली. कारण नंतर कळलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० प्रमाणे निराधार धमकी दिली असं दाखवता आलं तर समोरचाच आपल्यावर दावा करू शकतो. म्हणून नोटिशीत विशेषणं नकोत, तारखा हव्यात. तुरुंगाचा उल्लेखही त्यांनी टाळला. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण ते शस्त्र पहिल्याच पत्रात काढलं की बोलणीच बंद होतात.

२९ ऑगस्टला उत्तर आलं. आरोप अमान्य, आणि आधार त्या बारीक ओळीचा: साहित्य कंपनीच्या मालकीचं. हा मुद्दा प्रत्येक फुकट पिचमध्ये येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी दस्त लागतो आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही लागते. कुठली कलाकृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ईमेलच्या तळाशी लिहिलेल्या ओळीवर माझी सही नव्हती. 'आम्ही सांगितलं म्हणून केलं, म्हणून आमचं' हा दुसरा युक्तिवादही टिकला नाही. नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं, पण मी नोकर नव्हते. सांगून करून घेतलेलं चित्र किंवा छायाचित्र यांना कलम १७ लागतं ते मोबदला दिला असेल तर, आणि मोबदला तर त्यांनी दिलाच नव्हता. पैसे न देता काम करून घेण्याची ती सोय इथे त्यांच्याच विरुद्ध गेली.

मात्र अशा ओळीखाली 'अटी मान्य' असं लिहून सही केली असेल, किंवा सहभागाचा फॉर्म भरला असेल, तर गोष्ट बरीच अवघड होते. सही करण्याआधी ती ओळ खोडून, बाजूला आद्याक्षरं घालून परत पाठवता येते. फार थोडे जण तसं करतात.

सप्टेंबर उजाडला तेव्हा ट्रेडमार्कची स्थिती बदललेली होती: 'ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड', म्हणजे अर्ज स्वीकारून जर्नलमध्ये जाहीर केला. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं आणि कंपनीचं चिन्ह २ सप्टेंबरच्या अंकात होतं. जाहिरातीच्या तारखेपासून चार महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. ही मुदत वाढवून मिळत नाही, म्हणून ऑगस्टपासून दर सोमवारी संध्याकाळी अर्ज क्रमांक टाकून पाहण्याची सवय लावली होती. दोन मिनिटांचं काम आहे, पण चुकलं तर दार बंद.

हरकत टीएम-ओ फॉर्मवर, एका वर्गाला ऑनलाइन २,७०० रुपये. वकीलबाईंच्या डिजिटल सहीने दाखल झाली, त्यासाठी टीएम-४८ हे अधिकारपत्र द्यावं लागलं. मसुदा आणि दाखल करण्याची फी १५,०००. मुख्य आधार ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११(३)(ब) चा: कॉपीराइटमुळे ज्या चिन्हाचा वापर रोखता येईल ते नोंदता येत नाही. १४ ऑक्टोबरला हरकत दाखल झाली आणि काही दिवसांत स्थिती 'ऑपोज्ड' झाली.

कंपनीला खरी टोचणी लागली ती इथे. नोटीस फाइलला लावून ठेवता येते. हरकत मिळाली की दोन महिन्यांत प्रतिनिवेदन (हरकतीला लेखी उत्तर) द्यावं लागतं, नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. दिलं तर पुढे दोन्ही बाजूंचे पुरावे, मग सुनावणी, आणि यात वर्षं जाऊ शकतात. तोवर ब्रँडची नोंदणी लटकलेली. न्यायालयात दावा लावायला माझ्याकडे पैसे नव्हते आणि ते मी लपवलंही नाही. २,७०० रुपयांच्या या अर्जाने बोलणी सुरू झाली.

६ डिसेंबरला त्यांच्या वकिलांचा फोन आला. दोन बैठका झाल्या, दुसरी ऑनलाइन. बैठकीला जाताना तीन आकडे लिहून नेले होते: रीतसर काम मिळालं असतं तर झालं असतं ते बिल, आतापर्यंतचा खर्च, आणि ज्याच्या खाली उतरायचं नाही तो आकडा. तिसरा आकडा घरीच ठरवून कागदावर लिहावा, समोर बसल्यावर तो ठरत नाही. पहिल्या बैठकीत ते 'मदत म्हणून' काही रक्कम द्यायला तयार होते. मदत नको, हक्कांची किंमत हवी, असा आग्रह धरला. दस्तावर 'मदत' लिहिली की आपण मागितलेलं काही आपलं नव्हतंच असा अर्थ होतो.

१७ जानेवारी २०२५ ला करारावर सह्या झाल्या. दस्ताच्या मसुद्याची फी १२,०००. आकडा गोपनीयतेच्या अटीमुळे लिहिता येत नाही. माझ्या नेहमीच्या बिलापेक्षा तो साधारण एक-तृतीयांशाने कमी होता, आणि पुराव्यासाठी गेलेले ३१ तास त्यात धरलेले नाहीत. करारात पाच गोष्टी आग्रहाने घालून घेतल्या. कलाकृती जोडपत्र म्हणून छापून, म्हणजे नेमकं काय विकलं याबद्दल वाद नको. हक्क फक्त त्या तीन पाकिटांपुरते. अक्षरांकन दुसऱ्या मालाला वापरायचं असेल तर वेगळा करार. कामाच्या नमुन्यांत दाखवायची मुभा. आणि सर्वांत महत्त्वाचं, पैसे खात्यात जमा झाल्यावरच हरकत मागे घेणार. पहिल्या मसुद्यात हा क्रम उलटा होता. पैसे २८ फेब्रुवारीला आले, १० टक्के टीडीएस कापून. हरकत मागे घेण्याचं पत्र त्यानंतर गेलं. टीडीएस आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या नावावर दिसतोय ना, हे तपासून घ्यावं. तो चुकीच्या पॅनवर गेला तर विवरणपत्र भरताना सापडत नाही.

३ जुलैनंतर खिशातून गेलेले पैसे: पाकिटं ४२०, नोटीस १०,०००, हरकत १७,७००, दस्त १२,०००. एकूण ४०,१२०, छपाई, नोटरी आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा. जानेवारीतच पिचचे पैसे मागितले असते तर यातलं काही लागलं नसतं. फार तर 'नाही' ऐकावं लागलं असतं.

बाटली, डबी, स्टँड अशा वस्तूंचा आकार दाखवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. वस्तूच्या आकाराला संरक्षण मिळतं ते डिझाइन कायदा २००० खाली, आणि तिथे नोंदणीशिवाय भागत नाही. नोंदणीच्या आधी आकार जाहीर झाला तर नवेपणा गेला. व्यक्तीसाठी अर्जाचं शुल्क १,००० रुपये आहे, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. विश्वासाने एखाद्याला दाखवलं तर कलम १६ प्रमाणे ते जाहीर करणं धरत नाहीत. पण विश्वासाने दाखवलं होतं हे सिद्ध करायला सादरीकरणाआधीचं गोपनीयतेचं पत्र असलेलं बरं.

मार्च २०२५ पासून माझी पद्धत बदलली. पिचचं आमंत्रण आलं की रेखाटनाआधी पत्र जातं. आधी केलेली कामं आणि या कामाची माझी समज मी फुकट सांगते, तासाभरात सांगता येते. नवं चित्र हवं असेल तर शुल्क. मी ते अंदाजे तासांच्या निम्म्यावर ठेवते, निवड झाली तर ते एकूण बिलातून वजा. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक असतो. ती नोंदणी मोफत होते, आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या दिवशी, फार तर ४५ दिवसांत, पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पण हे सगळं बिल असेल तर. फुकट पिचला बिल नसतं, म्हणून तिथे या कायद्याचा काही उपयोग होत नाही.

वर्षभरात असं पत्र चार ठिकाणी गेलं. दोघांनी मान्य केलं, एकाने 'बाकीचे फुकट देतात' म्हणून नाही सांगितलं, एकाचं उत्तरच आलं नाही. नाही सांगणाऱ्याचं काम मोठं होतं, दोन दिवस मनाला लागलं. पत्राचा मजकूर खाली देते, हवा तसा बदलून वापरावा.

'ब्रीफबद्दल आभार. पहिल्या भेटीत माझी आधीची कामं, या कामाची माझी समज आणि टप्प्यांचा आराखडा विनामूल्य सादर करेन. या उत्पादनासाठी नवी रेखाटनं हवी असल्यास त्यांचं शुल्क ……… रुपये असेल. निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी, उरलेली सादरीकरणानंतर १५ दिवसांत. निवड झाल्यास ही रक्कम अंतिम बिलातून वजा होईल. निवड न झाल्यास रेखाटनांचे सर्व हक्क माझ्याकडे राहतील, छापील डमी सात दिवसांत परत मिळतील, आणि कोणताही भाग वापरायचा असल्यास आधी वेगळा लेखी करार होईल. रेखाटनं निवडीच्या कामाव्यतिरिक्त इतर कोणालाही दाखवली जाणार नाहीत. हे मान्य असल्यास या पत्रावर सही आणि तारीख घालून पाठवावं. सही मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू करते.'